पोलादातलं मोहन

खिशातलं बॉलपेन काढा आणि त्याचं टोक डोळ्यांजवळ नेऊन पाहा. तिथे एक गोळी असते, बहुधा टंगस्टन कार्बाइडची, अर्धा ते एक मिलिमीटर व्यासाची. ती बसण्याची वाटी, मागून येणारं शाईचं भोक, वाटीच्या तळाशी कोरलेल्या बारीक चरी आणि गोळी निसटू नये म्हणून तिच्यावर वळवलेली कड, हे सगळं जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाडीच्या तारेच्या तुकड्यात कापून काढायचं असतं. आणि एवढं करून पेन पाच-दहा रुपयांना विकायचं असतं.

जगातली सर्वाधिक बॉलपेनं चीन बनवतो, वर्षाला ३,८०० कोटींच्या घरात. तेव्हा वर्षाला ऐंशी कोटी टन पोलाद ओतणारा हा देश पेनच्या टोकाचं पोलाद मात्र २०१६ सालापर्यंत जपानसारख्या देशांतून विकत आणत होता. जानेवारी २०१६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली कछ्यांग यांनी तायुआन शहरात ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली. वर्षभराने, जानेवारी २०१७ मध्ये, तिथल्याच तायुआन आयर्न अँड स्टील कंपनीने टोकाची २.३ मिलिमीटर जाडीची तार आपल्याला जमल्याचं सांगितलं आणि ती चक्क राष्ट्रीय बातमी झाली.

पूल, जहाजं आणि वेगवान रेल्वे बांधणाऱ्यांना पेनच्या टोकाने का अडवावं? पोलाद मजबूत करण्याची विद्या त्यांच्याकडे होतीच. इथे हवं होतं ते गंजाला दाद न देणारं, तरीही कापताना मुळीच हट्ट न करणारं पोलाद. या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. ज्या पोलादांत त्या मुद्दाम एकत्र आणल्या जातात त्यांना कारखान्यांत ‘फ्री-कटिंग’ स्टेनलेस म्हणतात. पेनच्या टोकाचं पोलाद हा त्यातला फार खास प्रकार. या घराण्यातलं सर्वांत परिचित नाव आहे ३०३, आणि पुढची गोष्ट मुख्यतः त्याचीच.

गंजत नाही, पण ऐकतही नाही

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. लोखंडात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक पातळ, घट्ट थर आपोआप तयार होतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतकीच. ओरखडा उठला तरी हवेतल्या प्राणवायूने तो पुन्हा भरून येतो. १९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत एसेनच्या क्रुप कारखान्यात आणि इंग्लंडमध्ये शेफिल्डला हॅरी ब्रेअर्लीच्या हाती अशी पोलादं आली. ब्रेअर्ली खरं तर झिजणाऱ्या बंदुकीच्या नळ्यांवर उपाय शोधत होता.

पुढे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल हे प्रमाण स्थिरावलं. आपल्या घरातल्या चांगल्या भांड्यांवर ‘१८-८’ किंवा ‘३०४’ छापलेलं असतं, ते हेच. निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची रचना बदलते. या रचनेला ऑस्टेनाइट म्हणतात. ती चिवट असते, मूळ अवस्थेत चुंबकाला दाद देत नाही, आणि ओढली-ठोकली तरी सहज फाटत नाही. पत्र्यातून पातेलं ओढून काढायला यासारखं दुसरं पोलाद नाही.

पण हाच ३०४ चा बार लेथवर चढवला की त्याचे गुण ऑपरेटरला अवगुण वाटू लागतात. पहिली गोष्ट, ऑस्टेनाइट दाबलं किंवा घासलं की जागच्या जागी कठीण होतं. टूलची धार थोडी बोथट असली किंवा कट अगदी हलका घेतला, तर टूल कापण्याऐवजी घासतं, वरची कातडी कठीण होते, आणि पुढच्या फेऱ्यात टूलला त्या कठीण कातडीतून जावं लागतं. नवशिक्याला ३०४ कापताना हात आखडता घ्यावासा वाटतो आणि नेमका तिथेच तो फसतो. कट भीत भीत घेतला तर हे पोलाद जास्तच अडतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. ३०४ मधून उष्णता साध्या पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वेगानेच वाहते. म्हणून तर स्टीलच्या पातेल्याला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तळ लावतात. कापताना निर्माण झालेली उष्णता जॉबमध्ये पसरत नाही, टूलच्या टोकाशीच साठते आणि धार भाजून निघते. तिसरी गोष्ट चिवटपणाची. निघणारी साल, म्हणजे चिप, तुटतच नाही. मीटर-मीटर लांब, सुरीसारख्या कडांची ती फीत जॉबभोवती आणि टूलभोवती गुंडाळत जाते. मशीन थांबवून आकड्याने गुंता काढावा लागतो. वर गरम धातूचा एखादा कण टूलच्या धारेवर वेल्ड होऊन बसतो आणि मग खाली पृष्ठभाग खरबरीत निघतो. खोल भोक पाडताना किंवा आटे पाडताना टॅप आत मोडला, तर आख्खा जॉब भंगारात.

गंधकाला घरात घेतलं

पोलाद बनवणाऱ्यांचा गंधकाशी पिढीजात दावा आहे. कोकमधून ते लोखंडात येतं आणि लोखंडाशी संयोग पावून आयर्न सल्फाइड बनतं. हे सल्फाइड लोखंडासोबत ९९० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतं. पोलाद लाटलं जातं ते त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला. तेव्हा आतल्या दाण्यांच्या सीमेवर हा वितळलेला पापुद्रा असेल तर लालबुंद पोलाद रोलखाली चक्क तडकतं. म्हणून चुना आणि इतर उपाय वापरून गंधक काढून टाकायला कारखाने पैसा आणि वेळ खर्च करतात. ३०४ मध्ये त्याची कमाल मर्यादा साधारण ०.०३ टक्के असते.

३०३ मध्ये नियम उलटा आहे. तिथे कमाल नव्हे, किमान मर्यादा लिहिलेली असते: ०.१५ टक्के. युरोपीय मानकात याच पोलादाचा क्रमांक १.४३०५ आहे आणि तिथे ०.१५ ते ०.३५ टक्के असा पल्ला दिला आहे. क्रोमियम आणि निकेलचं प्रमाण ३०४ सारखंच, अनुक्रमे १७ ते १९ आणि ८ ते १० टक्के. थोडक्यात, खर्च करून काढलेलं गंधक मोजूनमापून परत घातलेलं १८-८, म्हणजे ३०३. साध्या पोलादात ही युक्ती आधीपासून चालत होती. स्टेनलेसमध्ये ती १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या रीडिंग गावच्या कार्पेंटर स्टील कंपनीने आणली.

मग हे पोलाद लाटताना तडकत का नाही? कारण मँगनीज. गंधकाला लोखंडापेक्षा मँगनीजची ओढ जास्त. पुरेसं मँगनीज असलं की गंधक त्याच्याशी जोडलं जातं आणि मँगनीज सल्फाइड तयार होतं. ते सोळाशे अंशांच्याही पुढे वितळतं, त्यामुळे लाटण्याच्या तापमानाला घन राहतं. ते विखुरलेल्या बारीक कणांच्या रूपात राहतं, दाण्यांच्या सीमेवर पसरत नाही. बार लाटला जातो तसे हे मऊ कण त्याच दिशेने लांब होतात. एक किलो ३०३ मध्ये तीन ग्रॅम गंधक धरलं तर सुमारे आठ ग्रॅम मँगनीज सल्फाइड होतं, म्हणजे बारच्या घनफळाचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग. ३०३ चे सगळे गुण आणि सगळी दुखणी या दीड-दोन टक्क्यांत आहेत.

टूलच्या टोकाशी काय घडतं

चकली करणाऱ्या घरात हे समजावणं सोपं आहे. भाजणीत कडकडीत तेलाचं मोहन घातलं नाही तर चकली कडक आणि चिवट होते, दाताखाली तुटता तुटत नाही. मोहनाचं तेल पिठाच्या कणाकणांमध्ये शिरतं, त्यांना एकसंध चिकटू देत नाही, आणि चकली खुसखुशीत होते. मोहन जास्त झालं तर मात्र ती कढईतच विरायला लागते. मँगनीज सल्फाइड हे पोलादातलं मोहन आहे.

आता लेथकडे येऊ. टूल धातू कापतं असं आपण म्हणतो, पण टूलच्या पुढे प्रत्यक्षात घडतं ते घसरणं. टूलच्या दाबाने पुढचा धातू एका तिरक्या पातळ पट्ट्यात सरकतो आणि चिप होऊन वर येतो. या पट्ट्यात धातू प्रचंड ताणला जातो. ३०४ तो ताण सोसतं आणि अखंड राहतं. ३०३ मध्ये त्या पट्ट्यात जागोजागी सल्फाइडचे कमकुवत कण असतात. त्यांच्याभोवती सूक्ष्म भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात, आणि चिप आखूड तुकड्यांत तुटून खाली पडते. मशीन थांबवावं लागत नाही. धातू सरकवायला जोरही कमी लागतो, त्यामुळे उष्णता कमी.

दुसरं काम अधिक नाजूक आहे. चिप टूलच्या पाठीवरून घासत वर जाते तिथे दाब आणि तापमान इतकं असतं की बाहेरून सोडलेलं कूलंट त्या फटीत नीट शिरूच शकत नाही. वंगणाची सर्वांत जास्त गरज जिथे, तिथेच ते पोचत नाही. ३०३ मध्ये वंगण धातूच्या आतूनच येतं. तापलेलं सल्फाइड मऊ होऊन टूलच्या पृष्ठभागावर पातळ थर फासत जातं. घर्षण घटतं, धातूचा कण धारेवर चिकटत नाही, फिनिश चांगला येतो, टूल जास्त जॉब काढतं.

फरक किती पडतो? अमेरिकी तक्त्यांत एका गंधकयुक्त साध्या पोलादाला १०० गुण देऊन बाकीच्यांची कापण्याची सुलभता मोजतात. त्यात ३०४ ला साधारण ४५ आणि ३०३ ला ७५ च्या वर गुण मिळतात. हे आकडे ढोबळ आहेत. टूल, मशीन आणि बारची अवस्था बदलली की ते हलतात. पण दिशा पक्की आहे.

चौकट: ३०३ ची ओळख

घटक: क्रोमियम १७–१९ टक्के, निकेल ८–१० टक्के, गंधक किमान ०.१५ टक्के, उरलेलं मुख्यतः लोखंड.
रूप: प्रामुख्याने गोल, षटकोनी आणि चौकोनी बार, पत्रा क्वचितच.
चुंबक: मूळ अवस्थेत चिकटत नाही, थंड अवस्थेत ओढलेल्या बारला किंचित चिकटू शकतो.
कठीण करणं: पाणी देऊन होत नाही, फक्त थंड अवस्थेतल्या कामाने होतं.
चांगलं कशासाठी: लेथ, ड्रिल, आटे पाडणं.
टाळा कशासाठी: वेल्डिंग, वाकवणं, समुद्रकाठ, आरशासारखा पॉलिश.

सोयीचा भुर्दंड

क्रोमियमचा रक्षक थर पृष्ठभागावर सर्वत्र सारखा असायला हवा. ३०३ च्या पृष्ठभागावर जिथे जिथे सल्फाइडचा कण उघडा पडलेला असतो तिथे तो थर खंडित होतो. मिठाचं पाणी आलं की हा कण विरघळू लागतो, तिथे सूक्ष्म खड्डा पडतो, खड्ड्यातलं पाणी आम्लधर्मी होतं आणि खड्डा आपलाच आपण खोल होत जातो. वरून टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो आणि आत पोकळ झालेलं असतं. २००२ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात असं मांडलं, की या कणांच्या भोवतालच्या कड्यात क्रोमियमच कमी पडलेलं असतं. त्या निष्कर्षावर नंतर वाद झाले. पण खड्डा बहुधा सल्फाइडपाशी सुरू होतो, याबद्दल फारसं दुमत नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्रासमोरच्या ३०४ च्या कठड्यांवर तपकिरी डाग पडलेले अनेकांनी पाहिले असतील. तिथे ३०३ चा नटबोल्ट लावणं म्हणजे दुखणं विकत घेणं. तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ च हवं.

वेल्डिंगची गत याहून वाईट. सांधा वितळून थंड होताना गंधकाचे कमी तापमानाला वितळणारे पापुद्रे सर्वांत शेवटी गोठतात. तोवर भोवतालचा धातू आकसत असतो आणि सांधा मधोमध तडकतो. वाकवण्याचंही तसंच: लांबट झालेले सल्फाइडचे कण बारच्या लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे लांबीत ओढलं तर बार दमदार, पण आडवा ताण दिला तर चीर सहज धावते. रिव्हेटचं डोकं ठोकून बनवायचं असेल किंवा आटे कापण्याऐवजी दाबून वळायचे असतील, तर ३०३ नको. चकली वळून झाल्यावर तिला सरळ करायला जाऊ नये, तसंच काहीसं. निर्वात यंत्रणांत आणि अतिशुद्ध वायूंच्या नळ्यांतही ते टाळतात, कारण पातळ भिंतीत हे लांबट कण आरपार गळतीचा रस्ता बनू शकतात.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. औषधनिर्मितीच्या कारखान्यांत ३१६-एलच्या नळ्या यंत्राने वेल्ड करतात. तिथे गंधक कमी हवं हे उघड आहे, पण शून्यही चालत नाही. अमेरिकी जैवऔषध-यंत्रणा मानकात ०.००५ ते ०.०१७ टक्के असा पल्ला दिलेला आहे, कारण गंधक फार कमी झालं की वितळलेल्या धातूचा प्रवाह बदलतो आणि सांधा खोल जाण्याऐवजी पसरट होतो. गंधकाचे कट्टर शत्रूसुद्धा त्याला पूर्ण हाकलू शकत नाहीत.

आणखी एक भुर्दंड शेवटच्या धुण्याचा. स्टेनलेसचा जॉब कापून झाला की टूलमधून चिकटलेले लोखंडाचे कण काढायला तो नायट्रिक आम्लात बुडवतात. याला पॅसिव्हेशन म्हणतात. ३०३ साध्या नायट्रिक आम्लात ३०४ सारखंच बुडवलं, तर आम्ल सल्फाइडवर तुटून पडतं आणि चकचकीत जॉब राखाडी, निस्तेज होऊन बाहेर येतो. पारंपरिक उपाय म्हणजे आम्लात सोडियम डायक्रोमेट घालणं. त्यातलं क्रोमियम विषारी असल्याने आता त्याला पर्याय वापरले जातात. शिवाय आम्लाच्या आधी आणि नंतर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतात, म्हणजे कणांच्या जागी पडलेल्या बारीक पोकळ्यांत अडकलेलं आम्ल मारलं जातं. हे टाळलं तर पॅकिंग करून पाठवलेल्या मालावर गिऱ्हाइकाच्या दारात डाग उमटतात आणि परत आलेली पेटी पाहून कापणारा आणि धुणारा एकमेकांकडे बोट दाखवतात.

मग ते घ्यायचं कधी?

भोसरी, अंबड किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतल्या ट्रॉब (स्वयंचलित लेथ) आणि सीएनसी मशीनवर याचं उत्तर रोज दिलं जातं. ३०३ चा बार किलोमागे ३०४ पेक्षा बहुधा महागच पडतो आणि हव्या त्या मापात लगेच मिळेल याची खात्री नसते. दहा-वीस नगांसाठी ते शोधत बसण्यात अर्थ नाही, हाताशी असलेलं ३०४ संथपणे कापावं. पण हजारो नग असतील, बारचा अर्ध्याहून अधिक भाग चिप होऊन जाणार असेल, भोकं खोल आणि आटे बारीक असतील, तर मशीनचा वेळ वाचतो तो बारच्या भावातल्या फरकाला पुरून उरतो. माझ्या मते निवडीचा खरा प्रश्न असा: या जॉबमधून किती धातू काढायचा आहे, आणि तो पुढे कुठे राहणार आहे? उत्तर ‘पुष्कळ’ आणि ‘कोरड्या जागी’ असेल तर ३०३.

म्हणूनच ते दिसतं छोट्या शाफ्टमध्ये, बुशमध्ये, व्हॉल्व्हच्या आतल्या भागांत, सेन्सरच्या खोळींत, मोजमापाच्या उपकरणांत, विमानांतल्या लहान फिटिंगमध्ये आणि असंख्य स्क्रूंमध्ये. स्क्रूच्या डोक्यावर ‘ए२’ किंवा ‘ए४’ छापलेलं तुम्ही पाहिलं असेल. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचं, ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचं, आणि ‘ए१’ म्हणजे गंधकवालं. बाहेर पावसात राहणाऱ्या कामाला ए१ घेऊ नये.

३०३ चे भाऊबंद वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. ४१६ मध्ये निकेल जवळपास नसतं. ते पाणी देऊन कठीण होतं, चुंबकाला चिकटतं आणि स्टेनलेसमध्ये सर्वांत सहज कापलं जातं, पण गंजाला ३०३ हून लवकर बळी पडतं. ४३०-एफ हे सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या गाभ्यासाठी, कारण ते चुंबकीयही आहे आणि कापायला सोपंही. गंधकाऐवजी सेलेनियम घातलेलं ३०३ जास्त नितळ फिनिश देतं, पण सेलेनियम विषारी असल्याने ते ओतणं जिकिरीचं. अलीकडची वाट वेगळीच आहे: गंधक मर्यादेत ठेवून ३०४ आणि ३१६ मध्ये कॅल्शियमच्या उपचाराने आतल्या कठीण ऑक्साइड कणांना असं बदलायचं, की कापण्याच्या तापमानाला तेच मऊ होऊन टूलला वंगण देतील. गंजरोधन फारसं न गमावता कापण्याची सोय मिळते. ३०३ इतकी नाही, पण बऱ्याच कामांना पुरेशी.

चुंबक लावून कळत नाही

३०३ आणि ३०४ शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक दिसत नाही, चुंबकालाही कळत नाही. मिश्रधातू ओळखणाऱ्या हातातल्या क्ष-किरण बंदुका क्रोमियम-निकेल चटकन सांगतात, पण गंधकासारख्या हलक्या मूलद्रव्यावर त्यांतल्या बऱ्याच अडखळतात. जुना उपाय मात्र अजून उपयोगी पडतो. फोटोचा कागद सौम्य गंधकाम्लात भिजवून घासलेल्या पृष्ठभागावर काही क्षण दाबायचा. गंधकवालं पोलाद असेल तर कागदावर तपकिरी ठसा उमटतो, ३०४ असेल तर उमटत नाही. आणखी रांगडी परीक्षा नाकाने होते: मिठाच्या आम्लात गंधकवाला तुकडा जोरात फसफसतो आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. अर्थात ती खिडकी उघडी ठेवूनच करावी, तो वायू विषारी असतो.

या परीक्षेची सर्वांत जास्त गरज भंगारवाल्याला असते. मशीनखालची ३०३ ची आखूड चिप ३०४ च्या ढिगात मिसळली, की तो ढीग वितळवणाऱ्या भट्टीत गंधकाचं प्रमाण चढतं आणि ते खाली आणायला चुना, वेळ आणि वीज पुन्हा खर्ची पडतात. म्हणून जाणता भंगारवाला ३०३ चं पोतं वेगळं मागतो, आणि मिसळलेलं दिसलं तर भाव पाडतो.